घराभोवतीचा गोंगाट मोजायचा कसा, आणि त्याखाली दबलेलं ऐकायचं कसं

"इथे फार आवाज असतो" या तक्रारीने कोणी हलत नाही. "रात्री साडेअकराला माझ्या बाल्कनीत सरासरी 62 डेसिबल" म्हटलं, की समोरच्याला उत्तर द्यावं लागतं. हा आकडा मिळवायला फोन पुरतो.

आधी ॲप घ्या. आयफोनवर अमेरिकेच्या नायॉश या संस्थेचं साउंड लेव्हल मीटर, अँड्रॉइडवर फ्रेंच संशोधकांनी बनवलेलं नॉइजकॅप्चर. दोन्ही फुकट आहेत. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, म्हणून त्याचा आकडा पुराव्याइतका पक्का धरू नका. पण फोन तोच, ॲप तेच, जागाही तीच ठेवली, तर काल आणि आजमधला फरक भरवशाचा असतो.

माइक झाकणारं कव्हर काढा. फोन भिंतीपासून शक्य तितका लांब धरा, कारण भिंतीवर आपटून परतलेला आवाज आकडा वाढवतो. वारा सुटला असेल तर मोजूच नका. माइकवर घासणारी हवा ट्रकसारखी घरघरते.

स्क्रीनवर नाचणारा आकडा सोडून द्या. किमान दहा-पंधरा मिनिटं मोजा आणि एलएईक्यू (ॲपमध्ये LAeq), म्हणजे त्या वेळातली सरासरी, लिहून ठेवा. डेसिबलची मोजपट्टी साधी नाही: 10 डेसिबल वाढले की ऊर्जा दसपट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. त्यामुळे एकच कर्कश हॉर्न सगळी सरासरी वर ओढतो.

आता नियमाशी ताडून बघा. आपल्याकडच्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात सकाळी 6 ते रात्री 10 पर्यंत 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. शांतता क्षेत्रात, म्हणजे इस्पितळ, शाळा, न्यायालय यांच्या आसपास, 50 आणि 40. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2018 मध्ये युरोपसाठी रस्त्यावरच्या रात्रीच्या आवाजाची पातळी 45 च्या खाली ठेवायला सांगितलं. रात्रीचा आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण झोपलेला माणूस जागा झाला नाही तरी आवाजाने त्याच्या हृदयाचे ठोके वाढतात. मर्यादेपेक्षा 10 डेसिबल किंवा जास्त आवाज असेल, तर तक्रारीचा हक्क नियम 7 देतो. रात्रीचे निर्बंध मोडले जात असतील, तरीही देतो. अर्जाला वार, वेळ, जागा, सरासरी आणि आवाज कशाचा, अशी नोंदवही जोडा.

काचा थरथरतात पण आकडा कमीच, असं होतंय? वरची सरासरी ज्या 'ए' मोजणीने निघते, ती खर्जातले आवाज कमी धरते. ॲपमध्ये खर्ज इतका न वगळणाऱ्या 'सी' मोजणीची सोय असेल तर तीही घ्या. दोन्हींत 15-20 डेसिबलचा फरक निघाला, तर त्रास डीजेच्या बेसचा किंवा जनरेटरचा असण्याची शक्यता मोठी.

यानंतरचं काम कानाचं, आणि ते टाळू नका. गोंगाट नुसता मोठा नसतो, तो दुसरे आवाज झाकतो. अमेरिकेत बॉईसीजवळ संशोधकांनी रस्ता नसलेल्या जंगलात अर्धा किलोमीटर स्पीकर लावून फक्त वाहतुकीचा आवाज वाजवला, तर तिथले पक्षी पाव हिश्श्याहून अधिक घटले. 2020 च्या टाळेबंदीत सॅन फ्रान्सिस्कोतले काही गाणारे पक्षी हळू आवाजात गाऊ लागले, तरी त्यांचं गाणं दुप्पट लांब पोहोचलं. इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये दिवसा जिथे गोंगाट असतो, तिथे रॉबिन पक्षी रात्री गाताना आढळले.

आपल्याकडे मार्च ते जून हा दयाळ पक्ष्याच्या गाण्याचा हंगाम. उजाडायच्या अर्धा तास आधी बाल्कनीत उभे राहा, ॲप चालू ठेवा आणि पहिला दयाळ, पहिला बुलबुल, पहिला हॉर्न यांच्या वेळा लिहा. ओळख पटत नसेल तर आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या मर्लिन ॲपची मदत घ्या, पण त्याने सांगितलेलं नाव स्वतः ऐकून पडताळा. रविवारी आणि सोमवारी असं करा, तीन-चार आठवडे. गल्लीतला दयाळ दोन्ही दिवशी एकाच वेळी सुरू करतो का, हे तेव्हा कळेल.