तायक्वांदोसाठी घरी हिट करताय? या चुका टाळा

क्लास आठवड्यातून तीनच दिवस, म्हणून उरलेल्या दिवसांत मोबाईलवर टायमर लावून घरी 'हिट' (HIIT, म्हणजे थोडा वेळ पूर्ण जोराचा व्यायाम, मध्ये छोटी विश्रांती, पुन्हा जोर) करून दम वाढवणारे बरेच विद्यार्थी मी पाहतो. महिनाभर घाम गाळतात आणि स्पारिंगला, म्हणजे जोडीदाराबरोबरच्या सरावाच्या लढतीला, उभे राहिले की दुसऱ्याच राउंडला गार्ड (बचावासाठी वर धरलेले हात) खाली येतो. मेहनत खरी असते, म्हणूनच बघताना वाईट वाटतं.

बहुतेकांचा घोटाळा 'ताबाता'पासून सुरू होतो. २० सेकंद काम आणि १० सेकंद विश्रांती ही पद्धत जपानच्या इझुमी ताबाता यांच्या १९९६ सालच्या अभ्यासामुळे जगभर पोचली. तो प्रयोग जागेवरच्या सायकलवर झाला होता. आधी १० मिनिटं वॉर्मअप, मग मिनिटाला ९० फेऱ्यांच्या वेगाने सात-आठ सेट. फेऱ्या ८५ च्या खाली गेल्या की सेट तिथेच बंद. म्हणजे मुख्य काम जेमतेम चार मिनिटांचं. आपल्याकडे त्याच नावाखाली चाळीस मिनिटं बर्पी (खाली बसून, पाय मागे टाकून पुन्हा उठून उडी) चालतात! चाळीस मिनिटं टिकणारा व्यायाम पूर्ण जोराचा नसतोच. त्याने घाम येतो, पण किकमधला स्फोट वाढत नाही.

वेग पडला की थांबायचं, हा नियम सगळे विसरतात, आणि मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. सायकलवर तंत्र बिघडण्याची फारशी भीती नसते, किकमध्ये मात्र पावलोपावली असते. पहिल्या २० सेकंदांत किती राउंडहाउस किक (बाजूने गोल फिरवून मारलेली लाथ) बसल्या ते मोजून वहीत लिहा. २० वरून आकडा १६ वर आला, किंवा गुडघा वर न उचलता पाय नुसता बाजूने फिरायला लागला, की त्या दिवसापुरतं पुरे. दमल्यावर मारलेली प्रत्येक सैल किक हाही सरावच असतो. शरीर तीच किक लक्षात ठेवतं आणि मॅचमध्ये तीच बाहेर येते.

दुसरं म्हणजे टायमर तुमच्या खेळाशी जुळला पाहिजे. तायक्वांदोचा राउंड २ मिनिटांचा, मध्ये १ मिनिट विश्रांती. फ्रीस्टाइल कुस्तीत ३ मिनिटांचे दोन भाग आणि मध्ये फक्त ३० सेकंद, त्यामुळे पैलवानाचा टायमर वेगळाच लागेल. आपल्या राउंडमध्येही कुणी सलग दोन मिनिटं किक मारत नाही. काही सेकंदांचा हल्ला, मग फूटवर्क, पुन्हा हल्ला. घरी तसंच करा: ५ सेकंद पूर्ण जोर, १५ सेकंद गार्ड वर ठेवून फूटवर्क, असे सहा वेळा. झाला एक राउंड. मिनिटभर विश्रांतीनंतरही सलग एक वाक्य बोलता येत नसेल, तर तूर्तास दोनच राउंड करा. विश्रांतीत खाली बसू नका, चालत राहा. एकदम थांबलं की रक्त पायांत साचतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. राउंड चालू असताना श्वास कोंडून धरायची सवय असेल, तर प्रत्येक किकला आवाज काढा. क्लासमधला किहाप, म्हणजे किक मारताना दिलेली आरोळी, त्यासाठीही कामाला येतो.

आता फरशी. अनवाणी टाइल्सवर उड्या मारल्या की काही आठवड्यांत नडगीच्या आतल्या बाजूला किंवा टाचेमागच्या शिरेत दुखायला लागतं. उपाय म्हणून लोक योगा मॅट अंथरतात, आणि तिथे वेगळीच अडचण उभी राहते: किक मारताना टेकलेला पाय मॅटवर चिकटतो, फिरत नाही, आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. एकमेकांत अडकवायच्या जाड मॅट चांगल्या. त्या नसतील तर उड्या सोडा, जोर-बैठका करा. तालमीतला हा व्यायाम वेगाने केला तर धाप लागायला एक मिनिट पुरतं, आणि खालच्या मजल्यावरून तक्रारही येत नाही. हवेत पूर्ण ताकदीने किक मारून गुडघा झटक्याने सरळ करणंही टाळा. पूर्ण जोर पॅडवर, घरातलं कुणी नीट धरणारं असेल तर.

हे रोज करू नये. आठवड्यातून दोनदा बास, आणि स्पारिंगच्या आदल्या दिवशी अजिबात नको. सकाळी उठल्यावरची नाडी नेहमीपेक्षा जलद लागत असेल, झोप तुटत असेल, पाय जड वाटत असतील, तर एक दिवस सोडून द्या. मळमळत असेल तर बहुधा जेवण फार जवळ झालेलं असतं, दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. छातीत दुखलं किंवा चक्कर येऊन पडायला झालं, तर व्यायाम तिथेच बंद करून डॉक्टरकडे जा.

आणि वजनगटात बसण्यासाठी प्लास्टिकचं जॅकेट घालून हे करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, ते काढा. त्यात उतरतं ते पाणी, चरबी तेवढीच राहते. घाम वाळायला जागा नसल्याने शरीर तापत जातं आणि उष्माघातापर्यंत मजल जाऊ शकते. वजन कमी करायचंच असेल तर स्पर्धेच्या दोन महिने आधी प्रशिक्षकांशी बोला.