नवा सोनचाफा पानं गाळतोय?
लावल्यावर थोड्याच दिवसांत पानं पिवळी पडून गळू लागली, तर खत घालू नका. मुळं दुखावलेली असतात, युरिया किंवा ताजं शेण त्यांना आणखी जाळतं. बुंध्याजवळच्या मातीत बोट दोन पेरं खुपसून बघा. नर्सरीच्या पिशवीतला लाल मातीचा घट्ट गोळा बरेचदा आत कोरडाच राहतो, भोवतालची माती ओली असली तरी. तसं असेल तर थेट गोळ्यावर सावकाश पाणी सोडा. आळ्यात पाणी तुंबू देऊ नका, सोनचाफा मुळाशी कुजतो. बुंधा मोकळा ठेवून पालापाचोळ्याचा दोन-तीन इंच थर द्या, दुपारच्या उन्हाला शेडनेट बांधा, कळ्या खुडा. फांदी वाळलीशी वाटली तरी कापण्याआधी नखाने साल खरवडा. आत हिरवं दिसलं तर पालवीची वाट पाहा.