रात्रीच्या जेवणाला कण्यांची खिचडी

ऑफिसातून दमून आल्यावर पोळी-भाजीचा घाट नको वाटतो आणि भूक तर सडकून लागलेली असते. अशा वेळी ज्वारीच्या कण्यांची खिचडी करून बघा. सकाळी निघतानाच 1 वाटी कण्या आणि अर्धी वाटी सालीची मूगडाळ धुऊन भिजत घालायची. उन्हाळ्यात मात्र भांडं फ्रीजमध्येच ठेवा, नाहीतर संध्याकाळपर्यंत आंबूस वास येतो.

कुकरमध्येच चमचाभर तुपात जिरं, हिंग, ठेचलेला लसूण, कढीपत्ता. त्यावर लाल भोपळा (सालासकट, कोवळा असेल तर), गाजर, घेवडा, हळद, मीठ आणि निथळलेल्या कण्या-डाळ. 6 वाट्या गरम पाणी. 3 शिट्ट्या झाल्या की आच बारीक करून 10 मिनिटं. घाईने झाकण उघडू नका, कण्या वाफेतच मऊ होतात. ही खिचडी बघता बघता घट्ट होते, तेव्हा वाढताना कढत पाणी घालून सैल करून घ्यायची. थंड पाण्याने चव पार उतरते.

कण्या दुकानात न मिळाल्यास ज्वारी मिक्सरमधून भरड काढा, पण कोंडा चाळून टाकू नका. तंतू (फायबर) मुख्यतः त्यातच असतात. सालीच्या डाळीचंही तेच, साल काढलेली पिवळी डाळ इथे नकोच.

खोलगट वाडग्यात वाढून वरून तूप आणि मेतकूट. पापड भाजायचा कंटाळा आला तर नुसतं ताकही पुरतं. पोटाला तंतूंची सवय नसेल तर पहिल्यांदा थोडीच खा, आणि दिवसभर पाणी भरपूर प्या.