डोंगरउतारावरील मका: वाणाची निवड शेतकऱ्याच्या शेतावरच व्हावी

नाशिक जिल्ह्यात मका म्हटले की येवला, नांदगाव, मालेगाव, चांदवड हा पूर्वेकडील पट्टा डोळ्यांपुढे येतो. बियाण्याच्या दुकानात मिळणारे बहुतेक वाण आणि त्यांच्यासोबतच्या शिफारशी याच पट्ट्यातील सपाट, मध्यम ते भारी आणि गरज पडल्यास पाणी देता येईल अशा जमिनीला धरून असतात. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, कळवण व दिंडोरीचा पश्चिम भाग आणि बागलाणातील साल्हेर-मुल्हेरकडील गावे येथील वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीला त्या शिफारशी जशाच्या तशा लागू पडत नाहीत. येवल्याकडे वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर इगतपुरीकडे तो ३००० मिलिमीटरच्या घरात जातो. इकडे माती उथळ व मुरमाड, खत हाताशी असेल तेवढेच, आणि पीक ऐन भरात असताना आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. अशा ठिकाणी कोणता वाण टिकेल, हे दुसऱ्या जमिनीवरील आकड्यांवरून ठरवणे धोक्याचे असल्याने येत्या खरिपात गावोगावच्या शेतकरी गटांनी आपापल्या उतारावर वाणांची पारख करावी आणि मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वीच तिची तयारी करावी, अशी या सल्ल्यातील मुख्य शिफारस आहे.

ही पद्धत नवी नाही. नेपाळमध्ये १९९९ पासून तेथील राष्ट्रीय कृषी संशोधन परिषद आणि आंतरराष्ट्रीय मका व गहू सुधार केंद्र यांनी मिळून डोंगरी मक्यावर काम केले. त्यात शेतकऱ्यांच्या शेतांवर लहान-लहान वाफ्यांत वाण लावून त्यांचीच पसंती नोंदवली गेली, आणि मनकामना-३, देउती यांसारखे वाण त्या डोंगरांत पोहोचले. आपल्या दृष्टीने त्यातील एक गोष्ट विशेष जवळची आहे. तेथील मधल्या उंचीच्या डोंगरांत मक्याच्या उभ्या पिकात कोदोची, म्हणजे आपल्या नागलीची, रोपे लावण्याची रीत आहे. त्यामुळे ज्या मक्याची सावली फार पडत नाही आणि जो वेळेवर निघून नागलीला जागा मोकळी करतो, तो मका शेतकऱ्याला हवा असतो. दोन क्विंटल अधिक देणारा पण उशिरा निघणारा वाण त्याच्या उपयोगाचा नसतो. संशोधन केंद्रावर मका एकटाच उभा असतो, म्हणून ही अडचण तेथील तक्त्यात उमटत नाही. आपल्या शेजारच्या गुजरातमध्येही गोध्रा येथील मका संशोधन केंद्राने पंचमहाल भागातील आदिवासी शेतकऱ्यांना सोबत घेऊन जीएम-६ हा लवकर येणारा, पांढऱ्या दाण्याचा वाण तयार केला. तेथील जमीन आणि शेतकऱ्याची ऐपत सुरगाण्यापासून फार दूरची नाही.

पहिले काम म्हणजे गावाची बैठक. या बैठकीत वाणांची नावे घेण्याआधी, आपल्याला मका कशासाठी हवा आहे हे विचारावे. भाकरीसाठी, हुरड्यासाठी, कोंबड्या-जनावरांसाठी की लासलगाव-मालेगावच्या बाजारात विकण्यासाठी, यावर निवड अवलंबून असते. कारण पशुखाद्यासाठी माल घेणाऱ्या व्यापाऱ्याला पिवळा-नारिंगी दाणा हवा असतो, तर घरच्या भाकरीसाठी अनेक कुटुंबे पांढऱ्या दाण्याला पसंती देतात. या बैठकीला महिला असल्याच पाहिजेत, आणि त्यांचे मत वेगळे नोंदवले पाहिजे. निंदणी, सोलणी, दाणे काढणे, दळण आणि साठवण ही कामे बहुतांशी त्यांच्याकडे असतात. कणसावरून दाणा सहज सुटतो का, पिठाला चिकटपणा येतो का, भाकर दुसऱ्या दिवशी कडक होते का, हे त्याच सांगू शकतात. भाकरीची परीक्षा शेवटी ‘वेळ उरला तर’ उरकली जाते, ही चूक फार ठिकाणी होते.

पारखीसाठी एकंदर पाच वाण पुरेत. त्याहून अधिक झाले की तुलना मनात राहत नाही. त्यांत गावातील स्वतःचा जुना वाण आणि सध्या सर्वाधिक पेरला जाणारा संकरित वाण हे दोन हवेतच, नाहीतर नव्याला कशाशी ताडून पाहायचे? उरलेल्या तीन जागी महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा पंचगंगा किंवा करवीर यांसारखा एखादा संमिश्र वाण (अनेक वाणांच्या मिश्रणातून तयार केलेला, ज्याचे बियाणे घरी राखता येते असा), राजर्षी किंवा फुले महर्षी यांपैकी एखादा संकरित वाण आणि एखादा लवकर येणारा वाण घ्यावा. अल्मोड्याच्या विवेकानंद पर्वतीय कृषी अनुसंधान संस्थेचा विवेक क्यूपीएम-९ हा लवकर येणारा, अधिक सकस प्रथिनांचा संकरित वाण महाराष्ट्रासाठीही प्रसारित झालेला आहे; बियाणे मिळाल्यास तो जरूर पाहावा. आफ्रिकन टॉल हा मुख्यतः चाऱ्याचा वाण असल्याने दाण्यासाठीच्या तुलनेत त्याला घेऊ नये. बियाण्याच्या उपलब्धतेसाठी कृषी विज्ञान केंद्र आणि तालुका कृषी अधिकारी कार्यालयाकडे मे महिन्यातच विचारणा करावी.

आता मांडणी. गावात एका ठिकाणी सर्व पाच वाणांचा मुख्य वाफा करावा आणि त्याशिवाय प्रत्येक सहभागी कुटुंबाला एकच किंवा फार तर दोन नवे वाण द्यावेत, जे ते आपल्या नेहमीच्या वाणाशेजारी, त्याच दिवशी, त्याच मशागतीत लावतील. प्रत्येक नवा वाण किमान आठ-दहा कुटुंबांच्या शेतात गेला पाहिजे, कारण एका शेतातील यश हे मातीचेही असू शकते. मुख्य वाफ्याची जागा निवडताना काळजी घ्यावी. मी पाहिलेल्या एका प्रयोगात ती विहिरीजवळच्या चांगल्या काळ्या जमिनीत, रस्त्यालगत घेतली होती. पाहायला आलेल्या सर्वांना पीक आवडले आणि पुढच्या वर्षी तोच वाण मुरमाड उतारावर पिवळा पडून उभा राहिला. जागा गावातील सर्वसाधारण शेतासारखीच हवी, फक्त पाणी साचणारी नको. मक्याचे पीक गुडघ्याएवढे होईपर्यंत मुळाशी पाणी साचणे त्याला मुळीच सोसत नाही. म्हणून सऱ्या उताराला आडव्या, पण जादा पाणी बाजूला काढून देणाऱ्या असाव्यात.

प्रत्येक वाणाला दोन गुंठे द्यावेत, म्हणजे पाच वाणांना मिळून पाव एकर लागेल. या दोनपैकी एका गुंठ्यात गावाच्या रीतीप्रमाणे शेणखत व जेवढे घालतात तेवढेच रासायनिक खत घालावे, आणि दुसऱ्यात हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद व ४० किलो पालाश ही मात्रा द्यावी. गुंठ्याच्या हिशेबात ती सुमारे २.६ किलो युरिया, पावणेचार किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि पाऊण किलोहून थोडे कमी म्युरेट ऑफ पोटॅश इतकी होते. युरियाचे तीन समान भाग करून ते पेरणीवेळी, ३० दिवसांनी आणि ४० ते ४५ दिवसांनी, पावसाची उघडीप पाहून द्यावेत. अशी जोडी लावण्यामागे हेतू आहे: भरपूर खतावर पहिला येणारा वाण अपुऱ्या खतावर तिसरा येऊ शकतो, आणि ज्याला पूर्ण मात्रा परवडत नाही त्याने अपुऱ्या खतावरच्या क्रमाकडेच पाहायचे आहे. ६० बाय २० सेंटिमीटर अंतरावर एका गुंठ्यात सुमारे ८४० रोपे बसतात. एका ठिकाणी एक दाणा टोकल्यास पाव किलो, आणि दोन दाणे टोकून पुढे विरळणी करायची असल्यास अर्धा किलो बियाणे लागते. टोकणी जूनच्या मध्यापासून, जमिनीत पुरेशी ओल झाल्यावर करावी.

लष्करी अळीकडे पहिल्या आठवड्यापासूनच लक्ष ठेवावे. २०१८ मध्ये कर्नाटकात प्रथम दिसलेली ही अमेरिकन लष्करी अळी आता आपल्याकडे दर खरिपात येते. अंडीपुंज व लहान अळ्या हाताने वेचून नष्ट कराव्यात, कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग पकडणारे) लावावेत, सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा आणि प्रादुर्भाव वाढल्यास इमामेक्टीन बेन्झोएट ५ एसजी हे ४ ग्रॅम १० लिटर पाण्यात मिसळून पोंग्यात, म्हणजे रोपाच्या शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत, जाईल अशा रीतीने फवारावे. मात्र फवारणी करायची झाल्यास सर्व वाणांवर सारखीच करावी. एकाच वाणाला वाचवून घेतले तर तुलनेला अर्थ राहत नाही.

पसंती नोंदवण्यासाठी गावाने शेतावर दोनदा यावे: एकदा दाणे दुधात असताना आणि एकदा काढणीच्या वेळी. वाफ्यांवर वाणाचे किंवा कंपनीचे नाव न लावता फक्त क्रमांक लावावा, कारण नाव दिसले की मत नावालाच पडते. प्रत्येक वाफ्यापाशी कापडी पिशवी टांगून प्रत्येकाला तीन दाणे द्यावेत, महिलांना उडदाचे व पुरुषांना मक्याचे, आणि आवडलेल्या वाफ्याच्या पिशवीत ते टाकण्यास सांगावे. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही यात अडचण येत नाही आणि दोघांची पसंती आपोआप वेगळी मोजता येते. मत मोजून झाल्यावर ‘का’ हे विचारणे त्याहून महत्त्वाचे आहे. आपल्या पावसात कणसाचे टोक पाल्याने घट्ट झाकलेले आहे का, ही पहिली कसोटी धरावी. उघड्या टोकातून पाणी शिरले की दाणे काळे पडतात किंवा कणसावरच उगवतात. वाऱ्याने ताटे लोळली का, दाणा भरल्यावरही पाने हिरवी राहून वैरण मिळते का, आणि काढणी नागली-भाताच्या कामाच्या गर्दीत येते का, हेही लिहून ठेवावे. उत्पादनासाठी गुंठ्यातील सगळी कणसे काढून, दाणे सारखे वाळवून वजन करावे व त्याला ४० ने गुणावे, म्हणजे एकरी उतारा मिळतो.

येथे एक स्पष्ट सांगितले पाहिजे. मका उतारावर चांगला आला म्हणून नागली, वरई आणि खुरासणीची जमीन सरसकट त्याखाली नेऊ नये. ही पिके कमी खतात येतात, नागली वर्षानुवर्षे टिकते, आणि घराच्या जेवणात त्यांची जागा मका भरून काढत नाही. मक्यासाठी उताराचा तुलनेने खोल मातीचा भाग पुरेसा आहे.

बियाण्याबाबत गैरसमज मोठा आहे. मक्याचे परागीकरण वाऱ्याने होते, म्हणून पाच वाण शेजारी-शेजारी लावलेल्या वाफ्यातील कणसे कितीही देखणी असली तरी ती बियाण्यासाठी ठेवू नयेत. ती मिसळलेली असतात. संकरित वाणाचे घरचे बियाणे पुढच्या वर्षी एकसारखे येत नाही आणि उतारा घटतो, त्यामुळे ते दरवर्षी विकत घ्यावे लागते. संमिश्र वाण पसंत पडल्यास मात्र गावाला स्वतःचे बियाणे करता येते, आणि ते राखण्याचा, वापरण्याचा व परस्परांत देण्याघेण्याचा शेतकऱ्याचा हक्क २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने मान्य केला आहे. त्यासाठी दुसऱ्या वर्षी त्या वाणाचा तुकडा इतर मक्यापासून किमान २०० मीटर दूर घ्यावा, किंवा पेरणीत तीन-चार आठवड्यांचे अंतर ठेवावे, जेणेकरून दोन्हींचे तुरे एकाच वेळी येणार नाहीत. बियाण्याची कणसे कडेच्या ओळी सोडून मधल्या, निरोगी आणि न लोळलेल्या शंभरएक ताटांवरून घ्यावीत. फार थोड्या ताटांवरून घेतलेले संमिश्र बियाणे काही वर्षांत कमजोर होते. दाणा कणसापासून वेगळा केल्यावर त्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला की तो पक्व झाला असे समजावे. निवडलेली कणसे पाल्यासह चुलीवरच्या माळ्याला टांगावीत, म्हणजे धुराने सोंडे दूर राहतात, आणि पुढच्या मे महिन्यात ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून त्यांतील ९० तरी उगवतात का, हे पाहूनच ते पेरणीसाठी वाटावे.