जड तारे, त्यांचे जोडीदार आणि तारखांचा हिशेब

जड ताऱ्यांच्या जोड्यांच्या अभ्यासात नव्याने येणारी मुलं आधी दुर्बिणीबद्दल विचारतात. केवढी आहे, कुठे आहे, वेळ मिळतो का. माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो: एकाच ताऱ्याचे वर्णपट (त्याचा प्रकाश रंगांत पसरवून घेतलेल्या नोंदी) किती वेगवेगळ्या रात्रींचे आहेत, आणि त्या रात्रींमध्ये अंतर किती? जड ताऱ्यांच्या जोड्यांचा अभ्यास म्हणजे निम्मा तारखांचाच अभ्यास. सुटा वर्णपट कितीही स्वच्छ असला, तरी तारा एकटा आहे की संसारी हे त्यावरून क्वचितच कळतं.

जड म्हणजे साधारण ८ सौर वस्तुमानांच्या वरचे, ओ आणि सुरुवातीच्या बी या सर्वांत तापलेल्या वर्गांतले तारे. पाठ्यपुस्तकात त्यांची गोष्ट एकट्याची म्हणून सांगतात: हायड्रोजन संपला, गाभा आकसला, शेवटी सुपरनोव्हा. ती शिकून घ्याच, पण तिच्यावर फार विसंबू नका. साना या खगोलशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी आपल्या आकाशगंगेतल्या सहा तारकागुच्छांमधले ७१ ओ तारे तपासून २०१२ साली निष्कर्ष मांडला की ७० टक्क्यांहून जास्त जड तारे आयुष्यात कधी ना कधी जोडीदाराशी वस्तुमानाची देवाणघेवाण करतात, आणि त्यातल्या सुमारे एक तृतीयांश प्रकरणांत दोघे मिळून एकच तारा होतो. तेव्हापासून ‘हा तारा एकटा आहे’ असं म्हणणाऱ्यानेच पुरावा द्यायचा, असा या क्षेत्राचा रिवाज झाला आहे.

पहिले काही महिने कोडच्या मागे लागू नका, वर्णपटातल्या रेषा, म्हणजे ठरावीक रंगांवर पडलेले काळे खळगे, डोळ्यांनी बघा. माझ्या गाइडनी मला एका ताऱ्याचे सगळे वर्णपट तारखेप्रमाणे एकाखाली एक लावायला सांगितलं होतं, आणि आठवडाभर दुसरं काही करू दिलं नव्हतं. तेव्हा राग आला. आता मीही तेच सांगते. ४४७१ आंगस्ट्रॉम (तरंगलांबीचं एकक) इथली उदासीन हेलियमची रेषा आणि ४५४१ची आयनित हेलियमची रेषा शेजारी शेजारी ठेवा. ओ७ वर्गाच्या ताऱ्यात दोन्ही सारख्या खोल असतात. तारा त्याहून तापलेला असेल तर दुसरी वरचढ, थंड असेल तर पहिली. तारा आपल्याकडे येताना रेषा निळ्या बाजूला सरकते, दूर जाताना तांबड्या. आता या दोन रेषा एका रात्रीतून दुसऱ्या रात्रीत विरुद्ध दिशांना सरकताना दिसल्या, तर जवळजवळ नक्की दोन तारे आहेत: एक तापलेला, एक त्यामानाने थंड. हे तारे स्वतःभोवती सेकंदाला शंभर-दोनशे किलोमीटर वेगाने फिरत असल्यामुळे रेषा पसरट असतात. त्यामुळे दोन खळगे सुटे दिसायला कक्षेतली मोक्याची रात्रच सापडावी लागते. हायड्रोजनच्या रेषांवर वेग मोजायचा मोह होतो, कारण त्या ठळक असतात. पण त्यांत ताऱ्याच्या वाऱ्याची, म्हणजे त्यातून बाहेर वाहणाऱ्या वायूची, भेसळ असते. सुरुवातीला तरी टाळा.

त्याच वर्णपटात कॅल्शियमची एक बारीक, टोकदार रेषा दिसेल. ती कधीच हलत नाही. मृगाच्या बाणातल्या मिंटाकाचे वर्णपट तपासताना १९०४ साली हार्टमानला हेच खटकलं, आणि ताऱ्यांमधल्या पोकळीत वायू असल्याचा माग तिथे लागला. तुम्हाला तिचा उपयोग साधा आहे: ती हलली, तर तारा हललेला नाही, तुमचं तरंगलांबीचं कॅलिब्रेशन हललं आहे.

तारखांचा जाच समजून घ्यायचा तर चित्रा घ्या. डोळ्यांना एक दिसणारा हा तारा म्हणजे बी वर्गाच्या ताऱ्यांची जोडी आहे, फेरा ४.०१४५ दिवसांचा. एकाच ठिकाणाहून रोज रात्री ठरावीक वेळी वर्णपट घेतला, तर चार रात्रींनंतर जोडी जवळपास पहिल्याच जागी आलेली असते. दर फेऱ्याला फरक पडतो तो अवघा एकवीस मिनिटांचा. दोन आठवडे जागलात तरी आलेखावर बिंदूंचे चारच पुंजके. वर संगणक तुम्हाला १.३३ दिवसांचा आवर्तनकाळही तितक्याच आत्मविश्वासाने सुचवणार. यावर उपाय म्हणजे वेगळ्या रेखांशावरची दुर्बीण, किंवा अवकाशातून सलग मोजलेली तेजस्विता. टेस उपग्रहाचा डेटा मोफत आहे. दुर्बिणीच्या वेळेसाठी अर्ज लिहिताना ‘इतके तास द्या’ एवढंच न लिहिता ‘या अंतराने द्या’ हे लिहायला शिका. नवख्यांचे अर्ज बहुधा तिथेच मार खातात.

आणि संशय. २०१९ मध्ये एलबी-१ या जोडीत ७० सौर वस्तुमानांचं कृष्णविवर असल्याचा दावा आला. हायड्रोजनची रुंद उत्सर्जन (म्हणजे उजळ) रेषा ताऱ्याच्या उलट दिशेने किंचित डुलत होती, म्हणून ती कृष्णविवराभोवतीच्या चकतीतून येत असणार, असा तर्क होता. रेषेचं डुलणं फारच थोडं, म्हणजे तिच्यामागची वस्तू फारच जड. काही आठवड्यांतच इतरांनी दाखवलं की उत्सर्जन रेषा जागच्या जागी असली, तरी तिच्या पोटात ताऱ्याची काळी शोषणरेषा मागेपुढे सरकत असेल तर एकूण आकार उलट दिशेने डुलल्याचा भास होतो. पुढच्या वर्षी एचआर ६८१९ या ताऱ्यात आपल्याला सर्वांत जवळचं कृष्णविवर सापडल्याची बातमी आली. २०२२ मध्ये व्हीएलटी इंटरफेरोमीटरने (अनेक दुर्बिणींचा प्रकाश एकत्र करणाऱ्या यंत्रणेने) तिथे जेमतेम एका मिलिआर्कसेकंदाच्या (कोनाच्या सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या) आसपास अंतर असलेले दोन तारे वेगळे दाखवले: एकाचं बाहेरचं आवरण ओरबाडलं गेलेलं, दुसरा ते गिळून गरगरणारा. कृष्णविवर नव्हतंच. माझ्या मते या दोन्ही प्रकरणांचे मूळ पेपर आणि खोडून काढणारे पेपर लागोपाठ वाचणं हे एका सेमिस्टरच्या कोर्सपेक्षा जास्त शिकवून जातं. त्यानंतर व्हीएफटीएस २४३ या जोडीवरचा पेपर वाचा. तिथे २५ सौर वस्तुमानांचा तारा १०.४ दिवसांत न दिसणाऱ्या सोबत्याभोवती फिरतो, आणि सोबती खरंच कृष्णविवर आहे हे पटवायला लेखकांनी लपलेल्या ताऱ्याची प्रत्येक शक्यता तपासली आहे.

तिसऱ्या ताऱ्याचं भान ठेवा. जड तारे अनेकदा तिघाचौघांच्या कुटुंबात असतात, आणि दूरचा तिसरा वर्णपटात न हलणारी रेषा मिसळून तुमचे वेग बिघडवतो. कक्षा आपल्याकडे तोंड करून असेल तर जोडी असूनही रेषा हलत नाहीत. म्हणून जोड्यांचं मोजलेलं प्रमाण आणि खरं प्रमाण यांत सुधारणा करावी लागते. ही संख्याशास्त्राची बाजू कंटाळवाणी वाटते, पण पेपरचं परीक्षण करणारे आधी तिलाच हात घालतात.

साधनांबद्दल थोडक्यात: पायथन हवंच. ग्रहणकारी (एकमेकांना झाकणाऱ्या) जोड्यांसाठी फीबी, ताऱ्यांच्या उत्क्रांतीसाठी मेसा, हे दोन्ही प्रोग्रॅम मोफत. युरोपीय दक्षिण वेधशाळेचा अर्काइव्ह उघडून बसा. त्यात न वापरलेले वर्णपट पुष्कळ आहेत.

पीएचडीचा विषय घेताना फेऱ्याची लांबी बघा. ईटा कॅरिनीचा फेरा साडेपाच वर्षांचा, थीटा-१ ओरायनिस सीचा सुमारे ११ वर्षांचा. जुने वर्णपट आधीच जमा नसतील तर असे तारे नवख्याने घेऊ नयेत. त्यापेक्षा ब्लोएमसारखा सर्व्हे बरा: लहान मॅगेलनी मेघ या शेजारच्या छोट्या दीर्घिकेतले ९२९ जड तारे, प्रत्येकाचे २५ वेळा वर्णपट घेण्याची योजना. निरीक्षणाचा कंटाळा असेल तर मेसा घेऊन सिद्धान्ताकडे वळा. मात्र तिथे एक गोष्ट आधी करा. एका ताऱ्याने टाकलेल्या वस्तुमानातलं किती दुसऱ्याने पकडलं, हा आकडा कोडमध्ये आपणच भरतो. तो एकदा ० आणि एकदा १ ठेवून तीच जोडी चालवा, आणि मग दोन्ही निकाल घेऊन गाइडच्या खोलीत जा.