आशियाई प्रेममालिका निवडताना आणि बघताना

नायकाचा चेहरा बघून मालिका निवडू नका, लेखिकेचं नाव बघून निवडा. मी हे भेटेल त्याला सांगते, तरी सगळे आधी पोस्टरच बघतात. नट चांगला असला तरी वाईट लिहिलेला प्रसंग तो किती सावरणार?

कोरियन लेखिका पार्क जी-उन हिचंच बघा. ‘माय लव्ह फ्रॉम द स्टार’ (२०१३), ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’ (२०१९) आणि ‘क्वीन ऑफ टिअर्स’ (२०२४) या तिन्ही तिच्याच. तिन्हींतली नायिका प्रसिद्ध किंवा गडगंज, जिभेला धार असलेली. समोरचा पुरुष मोजकं बोलणारा, पण वेळेला हमखास उभा राहणारा. यातली एक आवडली तर बाकीच्या दोन डोळे मिटून लावा. पार्क हे-योंगचा पिंड अगदी वेगळा. तिच्या ‘माय लिबरेशन नोट्स’मध्ये (२०२२) तीन भावंडं सोलबाहेरच्या गावातून रोज लांबचा प्रवास करून कामाला जातात, रात्री थकून परततात, सुट्टीत शेतात राबतात. प्रेम म्हणावं असं काही घडायला बराच वेळ जातो. मला ती मालिका फार जवळची आहे, पण दिवसभर दमून नुसतं हसायला हवं असेल त्या रात्री ती लावू नका.

मग हाताशी वेळ किती आहे ते बघा. कोरियन मालिका साधारण १६ भागांची आणि प्रत्येक भाग तासाभराचा, कधी त्याहून मोठा. जपानी मालिका १० - ११ भागांत आटोपते. ‘हाना योरी दांगो’ या जपानी मांगावरून, म्हणजे चित्रकथेवरून, तैवानने २००१ मध्ये ‘मिटिऑर गार्डन’ केली, जपानने २००५ मध्ये तीच गोष्ट ९ भागांत सांगितली आणि कोरियाने २००९ मध्ये ‘बॉइज ओव्हर फ्लॉवर्स’साठी २५ भाग घेतले. चिनी मालिकांचा पसारा आणखी मोठा. ‘इटर्नल लव्ह’ (२०१७) ५८ भागांची आहे. २०२० मध्ये तिथल्या सरकारी नियामकाने मालिका ४० भागांच्या आत ठेवायला सांगितलं, तरी देवलोक, शाप आणि पुनर्जन्म असलेली प्रेमकथा सुरू करताना महिनाभराची सोबत धरूनच चाला. शनिवार-रविवारच मोकळा असेल तर थायलंडची ‘आय टोल्ड सनसेट अबाउट यू’ (२०२०) बघा. फुकेतमधल्या दोन मुलांची ही गोष्ट पाचच भागांत मावते, आणि त्यातला एकही प्रसंग भरतीचा वाटत नाही.

आता खरी परीक्षा. कुठलीही मालिका दोन भाग बघा आणि नायिका ‘नाही’ म्हणते तेव्हा काय होतं तेवढं टिपा. ती निघून जात असताना त्याने मनगट धरून खेचलं आणि पाठीमागे हळुवार गाणं वाजलं, तर लिहिणाऱ्यांना ती ओढाताण म्हणजे प्रेम वाटतंय. बाराव्या भागातही त्यांना तसंच वाटणार. जुन्या कोरियन मालिकांत हे भरपूर आहे आणि थाई लाकोर्नमध्ये, म्हणजे तिथल्या टीव्ही मालिकांत, तर बळजबरीचं चुंबन वर्षानुवर्षं खपवलं गेलं. ‘बॉइज ओव्हर फ्लॉवर्स’ मी याच कारणासाठी नवख्यांना सुचवत नाही. श्रीमंत मुलगा गरीब मुलीचा छळ करतो आणि आपण त्यातली ओढ ओळखायची, हे मला मान्य नाही. इतिहास म्हणून पुढे कधीतरी जरूर बघा.

याच दोन भागांत तिचं काम कळतं का तेही बघा. ऑफिस फक्त धडकायला आणि कॉफी सांडायला असेल तर पुढे दोघांना बोलायला विषय उरत नाही. जपानची ‘निगेरु वा हाजी दा गा याकू नि तात्सु’ (२०१६) मला इतकी मोठी वाटते ती यामुळेच. मिकुरीला नोकरी नाही. ती त्सुझाकीच्या घरची कामं पगारावर करू लागते आणि दोघं कागदोपत्री नवरा-बायकोसारखी राहतात. वरवर हा करारी लग्नाचा नेहमीचाच मसाला. पण त्याचं प्रेम बसतं, तो खरं लग्न मागतो, आणि आता पगाराची गरज नाही असा हिशेब मांडतो, तेव्हा ती त्याला तिथल्या तिथे अडवते: हे प्रेमाच्या नावाखाली शोषण आहे. घरकामाची किंमत हा प्रश्न प्रेमकथेच्या ऐन मध्यावर ठेवायचा आणि तरी दोघांबद्दलची माया तसूभर कमी होऊ द्यायची नाही, हे लेखिका नोगी अकिको हिने साधलंय. अकराच भागांत.

घासून गुळगुळीत झालेल्या युक्त्यांना मात्र घाबरू नका. अपघात आणि स्मृतिभ्रंश म्हटलं की लोक चॅनेल बदलतात. कोरियाच्या ‘विंटर सोनाटा’मध्ये (२००२) स्मृती गेली ती नायकाची. प्रेममालिकांच्या पायात या युक्तीच्या बेड्या पडल्या त्या आजवर निघालेल्या नाहीत. पण जपानच्या ‘फर्स्ट लव्ह’मध्येही (२०२२) तेच आहे. फरक असा की तिथे विसरण्याची किंमत दिसते. विमानात काम करायची स्वप्नं बघणारी मुलगी साप्पोरोत टॅक्सी चालवते आणि नेमकं काय गमावलं हे तिला सांगताही येत नाही. तेव्हा युक्ती जुनी आहे का हे विचारू नका, तिच्यामुळे कुणाचं आयुष्य खरोखर बदललं का ते विचारा.

१६ भागांच्या मालिकेत अकराव्या-बाराव्या भागाच्या सुमारास गाडी बहुधा चढाला लागते. आईचा विरोध, एखादी लपवलेली गोष्ट, ‘तुझ्या भल्यासाठी’ केलेली ताटातूट. ‘समथिंग इन द रेन’चा (२०१८) पूर्वार्ध मी पुन्हा पुन्हा बघते, उत्तरार्धात मात्र तीच भांडणं फिरून फिरून येतात. त्याच लेखिका-दिग्दर्शक जोडीने पुढच्याच वर्षी केलेली ‘वन स्प्रिंग नाइट’ मला जास्त सच्ची वाटते. ग्रंथपाल नायिका, एकट्याने मुलगा वाढवणारा औषधविक्रेता, आणि तिचं आधीचं रेंगाळलेलं नातं. चढ आला की दोन दिवस थांबा, पण पळवत पुढे जाऊ नका. शेवटचे भाग पोकळ वाटतात ते पुष्कळदा मधले गाळल्यामुळे.

आवाज मूळ भाषेचाच ठेवा. कोरियन मालिकेत दोघं आदराच्या बोलण्यावरून जवळिकीच्या बोलण्यावर येतात तो क्षण पहिल्या चुंबनाइतका मोलाचा असतो. आपल्या कानाला अहो-जाहोची सवय असल्यामुळे तो फरक सूरावरूनही कळतो, डबिंगमध्ये हमखास हरवतो. चिनी मालिकांत ओठ आणि शब्द जुळत नसतील तर सेटिंग तपासत बसू नका. तिथे मूळ ध्वनिफीतही पुष्कळदा वेगळ्या आवाजकलाकारांची असते.

पहिलीच मालिका असेल तर ‘अवर बिलव्हेड समर’पासून (२०२१) सुरुवात करा. शाळेत असताना ज्यांच्यावर माहितीपट झाला होता ती जोडी, आता विभक्त, पुन्हा त्याच कॅमेऱ्यासमोर बसते. कुणी खलनायक नाही, तरी मन गुंततं. आणि प्रेमकथा नकोच म्हणणाऱ्या मित्राला तैवानची ‘समडे ऑर वन डे’ (२०१९) द्या. १३ भाग आहेत. त्याला कथा सांगू नका, ट्रेलर दाखवू नका. वॉकमनकडे लक्ष ठेव आणि एकही भाग गाळू नकोस, एवढंच सांगा.