खानापूरहून ध्रुवांकडे: नव्या अभ्यासकांसाठी काही अनुभव

खानापूर तालुक्यातील मराठी शाळेत शिकून आणि बेळगावातून राज्यशास्त्रात बी.ए. करून मी ध्रुवीय प्रदेशांच्या राजकारणाकडे वळले, तेव्हा घरातून पहिला प्रश्न आला तो "तिथे माणसे तरी राहतात का?" हाच. प्रश्न अगदी योग्य होता. अंटार्क्टिकात कायमची वस्ती नाही, आर्क्टिकमध्ये मात्र सुमारे 40 लाख लोक राहतात. आणि या एका फरकामुळे दोन्हीकडचे कायदे, राजकारण आणि हवामान बदलाशी जुळवून घेण्याचे प्रश्न इतके वेगळे होतात की "ध्रुवीय प्रदेश" हा एकच शब्द वापरून संशोधनाचा आराखडा लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला मार्गदर्शक पहिल्याच बैठकीत परत पाठवतात. मलाही पाठवले होते.

या विषयात येणाऱ्यांनी बातम्यांच्या आधी मूळ करार वाचावेत, असे मी आग्रहाने सांगते. अंटार्क्टिक करार 12 देशांनी 1959 साली वॉशिंग्टनमध्ये केला आणि तो 1961 मध्ये लागू झाला. त्याची कलमे अवघी 14 आहेत. बेळगावातील एका झेरॉक्सच्या दुकानातून मी तो छापून घेतला आणि सुट्टीत घरी नेला. चौथे कलम आजोबांना मराठीत समजावून सांगितले: सात देशांनी तेथील भूभागावर दावे केले आहेत, करारामुळे कोणाचा दावा सुटत नाही आणि कोणाचा मान्यही होत नाही, आणि करार चालू असेपर्यंत तिथे कोणी काहीही केले तरी त्या आधारावर हक्क सांगता येत नाही. 1956 पासूनचा सीमालढा पाहिलेले आजोबा थोडे थांबून म्हणाले, "म्हणजे दावा आहे तिथे पडून, आणि वहिवाटीवरून हक्क सांगायचा नाही." या कलमाचा इतका नेमका अर्थ मला पुढे वर्गातही क्वचितच ऐकायला मिळाला.

त्या उत्साहात मी आराखड्यात सीमाप्रश्न आणि अंटार्क्टिका यांची दोन पाने तुलना लिहिली. मार्गदर्शकांनी ती पूर्ण खोडली आणि त्यांचे बरोबर होते. आपल्याकडे वाद आहे तो लाखो माणसांची भाषा, शाळा आणि उतारा कोणत्या लिपीत मिळतो याचा. तिकडे दावे आहेत, पण रहिवासी नाहीत. सीमाभागातल्या विद्यार्थ्याला नकाशावरच्या रेषेबद्दल उपजत संशय असतो, तो समजून घेताना उपयोगी पडतो, पुरावा म्हणून चालत नाही.

मुलाखतीत हमखास फसवणारी एक गोष्ट इथेच सांगते. 1991 च्या माद्रिद प्रोटोकॉलने, म्हणजे अंटार्क्टिक कराराला जोडलेल्या पर्यावरणविषयक करारनाम्याने, अंटार्क्टिकात खनिज उत्खननावर बंदी घातली, आणि ती 2048 साली संपणार असे अनेक लेखांत लिहिलेले आढळते. तसे नाही. प्रोटोकॉल 1998 मध्ये लागू झाला. त्यानंतर 50 वर्षांनी कोणताही सल्लागार देश (करारातील निर्णयांत मत असलेला देश) फेरविचाराची परिषद मागू शकतो, एवढेच त्यात आहे. बंदी आपोआप उठत नाही. भारत 1983 पासून सल्लागार देश असल्याने हा तपशील आपल्यालाही लागू होतो.

जुळवून घेण्याचा प्रश्न मात्र मला कळला तो चिकोडी तालुक्यात, मावशीच्या गावी. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी ओसरल्यावर तिच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर छातीइतक्या उंचीवर गाळाची रेघ राहिली होती. उंचावर प्लॉट घेऊन जाण्याची चर्चा झाली, पण शेत आणि जनावरे नदीकाठी, म्हणून निम्मे गाव परत खालीच आले. पुढे अलास्कातील न्यूटॉक या युपिक लोकांच्या गावाविषयी वाचताना मला हीच भिंत आठवत राहिली. तिथे कायम गोठलेली जमीन वितळून नदीचा काठ खचत होता. सुमारे 15 किलोमीटरवरील मर्टार्विक येथे जाण्याचे गावाने 1990 च्या दशकातच ठरवले, परंतु पहिली कुटुंबे प्रत्यक्षात हलली 2019 मध्ये. आपत्तीचे कायदे पूर किंवा भूकंप डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात, वर्षानुवर्षे हळूहळू खचणारा काठ त्यांत बसत नाही. जमीन सर्वांची सारखीच वितळते, पण पैसा कोणत्या खात्यातून येणार हे राजकारण ठरवते, आणि नव्या अभ्यासकाने तिथेच थांबून शोध घ्यावा.

प्रत्येक गोष्ट हवामानाच्या माथी मारण्याचा मोहही टाळावा. 2020 च्या मे महिन्यात रशियातील नोरिल्स्कजवळ इंधनाची टाकी फुटून सुमारे 20 हजार टन डिझेल सांडले. वितळणाऱ्या जमिनीमुळे आधार खचल्याचे सांगितले गेले, पण तपासात बांधकाम आणि देखभालीतील त्रुटीही पुढे आल्या. दुसरीकडे, मार्च 2022 मध्ये युक्रेनवरील रशियाच्या आक्रमणानंतर आर्क्टिक परिषदेच्या, म्हणजे आर्क्टिकमधील देशांच्या सहकार्य मंचाच्या, आठपैकी सात देशांनी रशियासोबतचे काम थांबवले. आर्क्टिकचा जवळजवळ निम्मा किनारा रशियाचा. त्यामुळे सैबेरियातील गोठलेल्या जमिनीच्या मोजणीत पाश्चात्त्य संशोधकांना मोठा खंड पडला. परिषदेच्या स्थापनेच्या वेळी, 1996 मध्ये, लष्करी विषय बाजूला ठेवले होते, तरी युद्धाने मोजणीला गाठलेच.

आता थोडे व्यवहाराचे. राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र गोव्यात वास्कोला आहे, म्हणजे चोर्ला घाट उतरला की आपल्यापासून काही तासांवर. दिल्लीच्या विद्यार्थ्यांना नसलेली ही सोय आपण वापरतच नाही. तिथे भर विज्ञानावर आहे, पण खोल बर्फातून काढलेल्या गाभ्यातले जुन्या हवेचे बुडबुडे एकदा स्वतः पाहिले की अहवालातील आकडे वेगळे वाटू लागतात. मराठी माध्यमाचा न्यूनगंड बाळगू नये. मराठी, कन्नड आणि इंग्रजी सांभाळत वाढलेल्याला चौथी भाषा जड जात नाही. ती रशियन असावी असे माझे मत आहे. नॉर्वेजियन मी शिकले, त्याचा उपयोग झाला, पण नॉर्वेचे बहुतेक सरकारी अहवाल इंग्रजीतही मिळतात.

स्वालबार्डला, म्हणजे नॉर्वेच्या आर्क्टिकमधील बेटांवर, जाण्याची संधी मिळाली, तर व्हिसाकडे लक्ष द्यावे. भारताचे हिमाद्री हे केंद्र 2008 पासून तिथे न्यू-ऑलेसुंदला आहे. 1920 च्या करारामुळे स्वालबार्डला स्वतःचा व्हिसा लागत नाही, मात्र तो भाग शेंगेन क्षेत्राबाहेर (युरोपातील एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या क्षेत्राबाहेर) असल्याने ओस्लोमार्गे जाताना आणि परत येताना शेंगेनमध्ये दोनदा प्रवेश होतो. माझ्या एका सहकाऱ्याने एकाच प्रवेशाचा व्हिसा घेतला होता. ते त्याच्या ओस्लोत लक्षात आले, आणि ठरलेले दोन आठवडे त्याने तिथल्याच ग्रंथालयात काढले.